अकरा महिन्यांच्या जिव्हाळ्याची चूकदुरुस्ती

प्रति,
मा. दुय्यम निबंधक साहेब,
दस्त नोंदणी कार्यालय, कल्याण.

विषय : पती-पत्नीमधील करारातील चूक दुरुस्त करण्यासाठी आंबिवली येथे गृहभेट मिळणेबाबत.

संदर्भ : १) दि. १२ मे २०२५ रोजी आपल्याकडे नोंदलेला करार. २) पत्नीने भावाकरवी पाठवलेला तोंडी निरोप.

महोदय,

१. मी, उत्तम गंगाराम कासारे, आपल्या कार्यालयासमोरच्या टेबलावर गेली सव्वीस वर्षे दस्त लिहितो. भाडेकरार, बक्षीसपत्र, भागीदारी, म्हणाल ते. माझा मसुदा कोर्टात टिकतो अशी माझी ख्याती आहे. ती पसरवण्याचे बरेचसे काम मीच केले आहे. एक बाब मात्र मी कोणाला सांगत नसे. प्रत्येक मसुदा मी आधी घरी नेई आणि माझी पत्नी मंदाकिनी भाजी निवडता निवडता तो वाचून त्यातल्या चुका काढून देई.

२. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी तिला शब्द दिला होता की, दस्ताच्या शेवटी 'मसुदा करणार' म्हणून तुझे नाव घालीन. तिने आठवण केली की मी सांगायचो, मोबदल्याशिवाय दिलेले वचन भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २५ प्रमाणे निरर्थक असते. हा विनोद मी चोवीस वर्षे न कंटाळता केला. ती एकदाही हसली नाही, हे माझ्या लक्षात यायला तेवढीच वर्षे लागली.

३. त्याच कलमात एक अपवाद आहे. जवळच्या नात्यात, नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी, लेखी आणि नोंदणीकृत करार केल्यास तो मोबदल्याशिवायही बंधनकारक ठरतो. सबब लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी मी पत्नीला असा करार भेट देण्याचे ठरवले. गुपित राहावे म्हणून मसुदा तिला दाखवला नाही. "वाचू नकोस, नुसती सही कर," असे मी तिला आपल्या समक्षच म्हणालो होतो, आपणास आठवत असेल. तिने सही केली. न वाचता केलेली तिची आयुष्यातली ती एकमेव सही आहे.

४. आमच्या धंद्यात कोऱ्या कागदापासून कोणी सुरुवात करत नाही. जुनी फाइल उघडायची, नावे बदलायची, प्रिंट काढायची. मी खोपट भागातल्या एका फ्लॅटच्या भाडेकराराची फाइल उघडली आणि नावे बदलली. त्यामुळे नोंदणीकृत करारानुसार माझे प्रेम व जिव्हाळा अकरा महिन्यांचा असून तो दि. ११ एप्रिल २०२६ रोजी संपतो. त्याचा वापर फक्त राहण्यासाठी करायचा आहे. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. एक महिन्याची नोटीस देऊन कोणीही तो आधीच संपवू शकतो, आणि मुदत संपताच लिहून घेणार हिने, म्हणजे मंदाकिनीने, 'नैसर्गिक झीज वगळता' सर्व काही मूळ स्थितीत परत करून निघून जायचे आहे. तिचे नाव घालण्याचे वचनही त्यात आहे. कलम सोळा, पार्किंगच्या खाली. आणि त्याच दस्ताच्या शेवटी 'मसुदा करणार' यापुढे नाव माझेच राहिले.

५. घरी पेढ्यांचा बॉक्स उघडून तिने दस्त वाचायला घेतला. ती ओरडली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "अकरा महिने कशाला थांबायचं? नोटीस आत्ताच दिली समजा. झीज किती झाली ते तुम्ही मोजून ठेवा." त्याच दिवशी ती आंबिवलीला भाऊ मारुती यांच्याकडे निघून गेली. मी दोनदा तिकडे जाऊन आलो. दोन्ही वेळेस मारुतीराव दारातच म्हणाले, "दाजी, ताई बोलते, पेपर नीट करून आणा, मग बघू."

६. गेले तीन आठवडे माझे मसुदे कोणी वाचलेले नाहीत. परवा एका सलूनच्या भागीदारी करारात 'वराकडील मंडळींनी भांडी घासून परत करावीत' असे कलम निघाले. लोक हसतात, हसू देत. पण घरात तिच्यावाचून मला करमत नाही. हे अर्जात लिहिण्यासारखे नाही, तरी खरे आहे. शिवाय नवराबायकोत भांडण असेल तर नैसर्गिक प्रेम धरता येत नाही, असा एक जुना निवाडा आहे. म्हणजे हे प्रकरण लांबले तर दुरुस्त करायला करारच शिल्लक राहणार नाही.

७. चूकदुरुस्ती पत्रावर दोघांच्या सह्या व अंगठे लागतात आणि ती कल्याणला येत नाही. विशेष कारण असल्यास अधिकाऱ्यांनी घरी जाऊन दस्त स्वीकारण्याची सोय नोंदणी अधिनियमात आहे. ती सहसा अंथरुणाला खिळलेल्यांसाठी वापरतात. पत्नी ठणठणीत आहे. हातपाय माझे गळाले आहेत. तरी कृपया आंबिवलीस यावे. आपण सोबत असाल तर निदान मला आत घेतील.

८. (नंतर जोडलेला परिच्छेद.) हा अर्ज तिने वाचल्याशिवाय देण्याचे मला धाडस झाले नाही, म्हणून तो मारुतीरावांच्या हाती आंबिवलीला पाठवला होता. काल परत आला. समासात तिने लिहिले आहे : "सात नंबर काढा. साहेबांना कशाला त्रास? गुरुवारी अकराला मी येते. माझं आधार कार्ड कपाटात डाव्या खणात आहे, तेवढं आणा. दुरुस्तीपत्र मी लिहिलंय, तुम्ही हात लावू नका." सबब गृहभेटीची विनंती मागे घेतो. त्याऐवजी गुरुवार, दि. ५ जून, सकाळी अकराची वेळ मिळावी.

अर्जाच्या तळाशी तिने 'मसुदा करणार' एवढेच लिहून पुढची जागा कोरी ठेवली होती. ती मी भरली आहे. कोणत्या कलमाखाली, ते कृपया विचारू नये.

आपला नम्र, समोरच्याच टेबलावरचा,

(सही)
उत्तम गंगाराम कासारे
दि. २ जून २०२५

सोबत : मूळ कराराची प्रत, पत्नीचे आधार कार्ड (डाव्या खणातच होते).

मसुदा करणार : मंदाकिनी उत्तम कासारे