नेढं दिसेना

ता. ६ मार्च

चि. चिमीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या गुडघ्याचं कळलं. चालत जा, कुरकुरत बसू नकोस. इथे माझंच डोकं चालेना. रक्तातली साखर फार वाढली म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली, जेवण कमी केलं, रोज चालायला लावलं. मी सगळं केलं. बिनसाखरेचा चहा पिते तेव्हा तुझे भावजी समोरून उठून जातात, इतकं माझं तोंड वाईट होतं म्हणे. साखर उतरली. डॉक्टर खूश. आणि माझे डोळे बिघडले!

शिवणाच्या कारखान्यात कोटांना काजं करणाऱ्या आम्ही पाचजणी, त्यांत या वयात चष्मा नसलेली मी एकटी. गेलं वर्षभर तर सुईचं नेढं मला दरवाजाएवढं दिसायचं. आता दोरा ओवता येत नाही. गोळीआधी चांगलं होतं, गोळीनंतर बिघडलं, यात डोकं लावायचं काय? मालकीणबाईंनी एक कोट परत टाकला. म्हणाल्या, पुन्हा काज वाकडं आलं तर काम दुसरीला देईन. म्हणून परवापासून गोळी बंद. डॉक्टरांना सांगितलं नाही. ते ओरडतात, मग मीही ओरडते.

लोभ आहे तेवढा ठेव. कमी करायला मला बाकी पुष्कळ सांगितलंय.

तुझी ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. तशीच उठून आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, साखर चढली की डोळ्यातलं भिंग फुगतं, काहींना मग जवळचं उलट जास्तच स्पष्ट दिसतं. साखर उतरली की भिंग बदलतं आणि नजर काही आठवडे गडबडते. म्हणजे तू मिरवत होतीस ती नजर तुझी नव्हे, साखरेची. चष्म्याची घाई नको, पण डोळे तपासून घे आणि आजच तुझ्या डॉक्टरांना गाठ.

मलाही सगळं कळलं असं नाही. पण आईनेही आपल्या मनाने साखरेचं औषध सोडलं होतं. शेवटी हाताला धरून तिला कोण फिरवायचं, आठव.

रागाव हवं तर, माया मात्र पातळ करू नकोस.

तुझी चिमी

ता. ९ एप्रिल

चि. चिमीस, आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दोरा पहिल्या झटक्यात ओवला गेला होता. मालकीणबाई खूश, मी खूश, आणि वर तुझं हे! आजारी असलं की दिसतं, बरं होऊ लागलं की दिसत नाही, असलं उलटं शास्त्र कोणी काढलं? पण घसा सारखा कोरडा पडत होता, तेही खरं. आणि तू आईचं नाव काढलंस.

गेले डॉक्टरांकडे. ओरडले. या वेळी मी गप्प बसले. डोळ्याचा आतला पडदा शाबूत आहे म्हणाले. गोळी पुन्हा सुरू केली. मालकीणबाईंना सगळं सांगितलं, त्यांनाही काही कळलं नाही, पण नजर ठरेपर्यंत मला इस्त्रीवर टाकलं. माझ्या खुर्चीत आता नवी बसते आणि तिची काजं चांगली येतात, हा वेगळाच ताप. खुर्ची परत मिळेल की नाही, कोणी सांगत नाही.

आज तिनेच मला सुई दिली, म्हणाली, ताई, जरा ओवून देता? मी हात लांब केला, दारात उजेडात गेले, डोळे बारीक केले. नेढंच दिसेना! गोळी लागू पडतेय म्हणायची. मी तिथेच हसत सुटले. ती बिचारी मालकीणबाईंना बोलवायला धावली.

मोठ्या अक्षरात लिहीत जा, आणि थोरलीला अशीच दटावत राहा.

तुझी ताई