मेंढरांच्या वाड्यावर सत्कार

२२ फेब्रुवारी, रविवार

सरपंचपद बाईला राखीव निघालं! चिठ्ठी वाचली आणि हॉलमधल्या प्रत्येक गड्यानं मनातल्या मनात आपापल्या घरावरून नजर फिरवली. कोणाची बायको, कोणाची भावजय. माझी नजर सुप्रियावर थांबली. सून आहे म्हणून नाही – शिकलेली आहे, नेमकं बोलते, गावात कुणाशी वाकडं नाही.

उभा जन्म दुसऱ्यांच्या सभांना मांडव घातले. दुसऱ्यांची नावं माझ्या भोंग्यातून गावभर गेली. एकदा आपल्या घरातलं नाव जावं, एवढंच.

पप्पूला सांगितलं. म्हणाला, "दादा, तिला इचारलं का?" बायको त्याची, आणि विचारतोय मला. पोरगा आईवर गेलाय.

२४ फेब्रुवारी

युक्ती जमली. आठ मार्चला महिला दिन. माझ्या आईच्या नावानं दोन कर्त्या बायकांचा सत्कार ठेवायचा आणि निवेदन सुप्रियानं करायचं. माणसं सत्काराला येतील, सुप्रियाला बघून जातील. प्रचार केल्यासारखा दिसणारसुद्धा नाही.

एक जुन्नरच्या दिलशादभाभी. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना रेशनकार्ड, पेन्शन मिळवून देतात. त्या कचेरीत शिरल्या की शिपाई आपणहून खुर्ची पुढे करतो. दुसरी आमची बाळाक्का, माझी थोरली चुलत बहीण. अजून मेंढरांमागं फिरते. बिबट्यानं मेंढी मारली की पंचनामा शेतावर येऊन व्हावा, रानातल्या मुक्कामाच्या वाड्यावर सौरदिवे मिळावेत, म्हणून तिनं वाड्यावाड्यावरच्या बायका गोळा केल्या आणि वनखात्याच्या साहेबापर्यंत गेली. येडगावापासून निरगुडसरापर्यंत रानात मेंढरांपाशी जो दिवा दिसतो तो तिच्यामुळं.

सुप्रियाला सगळा बेत सांगितला. "चालंल, मामा," म्हणाली. 'चालंल'मध्ये आवाज जरा खाली गेला होता. माझा कान असलं सोडत नाही. पण तेवढ्यात फोन वाजला.

२७ फेब्रुवारी

बाळाक्काला आमंत्रण द्यायला पिंपळवंडीला गेलो. एका बागायतदाराच्या शेतात मेंढरं बसवलीत, लेंडीखतासाठी. निम्मं शेत झालंय. शब्द दिला की शेत पुरं झाल्याशिवाय वाडा हलत नाही, हे मला तिनं सांगायची गरज नव्हती.

"मग तू एकटी ये अक्का. गाडी पाठवतो."

"आन् कोकरांपाशी कोण? गडी समदे चारायला. बिबट्या काय तुझा कार्यक्रम व्हईस्तोवर उसात दम धरून बसन व्हय?"

चहा झाला. मेंढीच्या दुधाचा. किती वर्षांनी प्यालो! दाट, थोडा उग्र, वर तुपासारखा तवंग. जिभेवर आख्खं लहानपण आलं. बिऱ्हाड हलायचं तेव्हा घोड्यावर एक झोळी असायची, तिच्यात नुकती जन्मलेली कोकरं आणि मी. अक्का लगाम धरून पुढं चालायची. कोकरू मुतलं की मी रडायचो. अक्का मागं वळून बघायचीसुद्धा नाही, नुसती म्हणायची, "ते तुझ्यापरीस बारकं हाये, गप."

येताना वाटेत ठरवून टाकलं. ती येत नाही ना, मग मांडवच तिकडे नेऊ.

४ मार्च

शेतकरी भला माणूस. बांधालगत पड जागा आहे, ती दिली. दिलशादभाभींचा फोन – "गेणभाऊ, मेंढ्या पण भाषण करणार का?" म्हटलं, पुढाऱ्यांपेक्षा बरं करतील.

सुप्रिया रोज निवेदन लिहिते आणि खोडते.

८ मार्च, रविवार

कार्यक्रम झाला. जसा ठरवला तसा नाही.

सकाळी मोठे बॉक्स लावले आणि सवयीनं "हॅलो, चेक" केलं. त्यासरशी वाघरेच्या जाळ्यातली सगळी मेंढरं एका अंगाला उसळली, जाळीचे दोन खुंट उपटले, कोकरं पायाखाली. अक्का काठी घेऊन धावत आली.

"बंद कर आधी ते! धनगराचं पोरगं ना रं तू? कान गहाण टाकलं का कुठं?"

सगळ्यांसमोर. पाहुणे हसले, मीही हसलो. दुसरं काय करणार? कोकरं शाबूत होती, ते महत्त्वाचं. बॉक्स बंद केले. कार्यक्रम बिनमाईकचा करायचा ठरला.

सुप्रियाच्या पदराला मात्र कॉलर माईक तसाच राहिला होता. बॉक्स बंद, पण मशीन चालू, आणि मशीनवर मी कानाला हेडफोन लावून बसलेलो. पडद्यामागं ती आणि अक्का बोलत होत्या.

सुप्रिया म्हणत होती, "मला न्हाई उभं राहायचं, आत्या. खुर्चीवर मी बसायचं आणि बोलणार मामा. सहीपुरती सून."

"त्याला सांगितलंस?"

"भीती वाटते."

"कुणाची, गेण्याची? आगं, त्याला कोकरासंगं झोळीत घालून हिंडवलाय मी. त्याला काय भ्यायचं!" मग तिनंच विचारलं, "मंग काय करती म्हनं आता?"

पुढचं ऐकलं नाही. हेडफोन काढून ठेवला. हयातभर कानावर पोट भरलं, पण हे ऐकणं बरं नव्हतं.

सत्कार झाला. दिलशादभाभींनी शाल घेतली आणि तिथंच एका बाईला पेन्शनला कोणते कागद लागतील ते सांगत बसल्या. अक्का उठली. माईक नव्हता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचली. "दिवा मी एकलीनं न्हाई आणला. आमी समद्या गेलो. एकली गेले असते तर साहेबानं चहा पाजून माघारी धाडली असती." शाल तिनं सगळ्यांसमोर एका आजारी कोकरावर पांघरली. कुणाला आवडलं, कुणाला नाही.

सुप्रिया छान बोलली. माणसं मला म्हणाली, "गेणभाऊ, सूनबाई फिक्स राव!" मी मान हलवली.

९ मार्च

सुप्रियानं चहा दिला आणि आत गेली. मी वायरी गुंडाळत बसलो.

११ मार्च

आज गोदामात आईचा जुना लोखंडी तवा सापडला. वाड्यावरचा. बसलो तो घेऊन.

आमच्या वाड्यात मुक्काम कुठं टाकायचा ते आई ठरवायची. बाबा मेंढरं घेऊन मागून यायचे आणि चूल जिथं मांडलेली दिसेल ते घर. पाणी कुठं, वारा कुठून, कोणत्या शेतकऱ्याची बायको ताक देते – सगळं तिच्या डोक्यात. शेतकरी सौद्याला आला की बाबा घोंगडीवर बसून तंबाखू मळायचे आणि बोलणं आई करायची. डोक्यावर पदर असायचा, पण आवाज मोकळा.

मग मी साउंडच्या धंद्यात शिरलो, गावात स्लॅबचं घर बांधलं, दोघांना घेऊन आलो. मोठी हौस माझी. आई सगळ्या खोल्यांतून फिरली आणि म्हणाली, "लई ग्वाड हाये. आता ठरवायचं काय उरलं? दार हितं, चूल हितं." मला ते कौतुक वाटलं. सौद्याला माणसं यायची ती माझ्याशी बोलायची. आई आतून चहा पाठवायची.

त्या आवाजाची आज फार आठवण आली.

१२ मार्च

पप्पूला म्हटलं, अर्जाचं राहू दे. तिला नको असेल तर नको. घरातलं नाव भोंग्यातून जायचं राहिलं ते राहिलं.

१४ मार्च

सकाळी सुप्रिया समोर येऊन बसली. उभी नाही राहिली, बसली. म्हणाली, "मामा, मी उभी राहणार आहे. गावच्या तिन्ही वस्त्यांवरच्या बायकांशी बोलून आले. पण निवडून आले तर पंचायतीच्या ऑफिसात तुम्ही पाऊल टाकायचं न्हाई. गावातलं कुणीही येईल. तुम्ही न्हाई."

मी विचारलं, प्रचाराचा मांडव तरी माझा ना?

"कोटेशन द्या," म्हणाली. "बायकांना दाखवते."