लाल पाटी आणि हदगावची सोयरीक

३ नोव्हें., देवणी
'गोठावही' ॲप तयार. दोन वर्षं खपलो, सगळं स्वतःच शिकून. कोणती कालवड कोणत्या वळूची, ते मोबाइलात दिसतं. नात्यातल्याच वळूला गाय दाखवायची चूक टळावी म्हणून. पशुपालकांच्या ग्रुपवर लिंक टाकली. ब्राउझरनं प्रत्येकाला लाल पाटी दाखवली: फाइल हानिकारक असू शकते.
माधवरावनं लगेच लिहिलं, "डॉक्टर, रिटायर होऊन आता व्हायरस टोचून राहिले का?" खाली हसरी तोंडंच तोंडं.
डॉक्टर नव्हतोच, जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. पण तीस वर्षं सुई टोचली, कुणी बोट दाखवलं न्हाई. आता हे…

५ नोव्हें.
ब्राउझरच्या कंपनीला चौथी तक्रार. उत्तर न्हाई. शोधून वाचलं, फाइल फारशी कुणी उतरवत न्हाई म्हणूनबी पाटी लागते म्हणे. म्हंजे नवी सून ओळखीची न्हाई, म्हणून चोर!
ही म्हणाली, "सोडा की. मुक्या मशीनशी काय भांडता?"
सोडतो काय! पाटी त्या मशीनच्याच घशात घालतो. अन् माधवरावची जिरवतो.

८ नोव्हें.
ग्रुपवर टाकलं: लाल पाटी खोटी असते. डोळे झाकून 'तरीही डाउनलोड करा' दाबा.
पहिलं बळीरामनं दाबलं. "तुमच्या शब्दापुढं मशीन काय, डॉक्टर!" मग धडाधड सगळ्यांनी. माधवराव गप. लई गोड वाटलं. भाकरी एक जास्तच गेली.

१४ नोव्हें.
बळीरामच्या मोबाइलवर कुणाचीतरी लग्नपत्रिका आली. फाइल. लाल पाटी आली. डोळे झाकून दाबलं त्यानं.
ही पाटी खरी होती.
मोबाइल चोरांच्या हाती. तीच पत्रिका बळीरामच्या नावानं साऱ्या गणगोताला गेली. हदगावलाबी, जिथं त्याच्या पोरीची बोलणी चालू. तिकडून फोन: "आमच्याशी बोलणी, अन् लग्न दुसरीकडं?" पुढचं ऐकूनच घेईनात.

१५ नोव्हें.
बळीरामकडं गेलो. पोर चहा ठेवून आत गेली, वर बघितलं न्हाई.
बळीराम म्हणाला, "चुकून दाबलं म्हणालो सगळ्यांना. तुमचं नाव न्हाई घेतलं."
त्यापरीस शिवी दिली असती तर बरं.
घरी येऊन ग्रुपवरचा माझा मेसेज काढाया गेलो. मुदत गेली. सगळ्यांकडून पुसला जात न्हाई.

१६ नोव्हें.
उद्या हदगाव. हदगावचे पाव्हणे माधवरावचे साडू. तिथं तोंड उघडलं की ग्रुपवर माझी वरात. ही म्हणाली, "मग जाऊ नका." अन् लगेच भाकरी बांधाया बसली.

१७ नोव्हें.
नांदेडला गाडी बदलली. गाडीतच कंपनीला पाचवी तक्रार लिहिली. माझी पाटी खोटी ती खोटीच, त्यांना सोडणार न्हाई.
हदगाव. सगळं सांगितलं, पत्रिका चोरांची, दाबायला सांगणारा मी. पाव्हणे ऐकून आत गेले, बायकांशी बोलतायत. मी ओसरीवर लिहीत बसलोय.
पाणी दिलंय. चहा अजून न्हाई.