रेवतीच्या मोटरसायकलची कडी

मामंजी तात्यासाहेबांचा पणतू, ज्यांचे नाव मी घेत नाही त्या माझ्या यजमानांचा नातू आणि रामकिसनचा मुलगा विश्वंभर यास आजीचा आशीर्वाद.

रेवतीला शिकता यावे म्हणून खडकांवर चढवायच्या मोटरसायकलचे इंजिन मवाळ केले, फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या चाकाला, जड कडी बसवली, असे तू छातीठोकपणे सांगितलेस. मग काल तिने जराशी रेस देताच गाडी पुढचे चाक उचलून उधळली कशी? ती पडली आणि तू लगेच म्हणालास, "ताई, तुला नाय जमायचं." ते फार लवकर म्हणालास. मला तिथेच संशय आला.

आज तू बाहेर पडताच मी इलियास मिस्त्रींकडून इंजिन उघडवले. "अम्मा, कडी तो हैच नै!" ती तुझ्या गादीखाली सापडली. गाडी एकट्याच्या ताब्यात राहावी, एवढ्यासाठी सख्ख्या बहिणीला भित्री ठरवलेस?

कडी आता जागेवर आहे आणि गाडी सावकाश जोर धरते. आम्ही खुलताबादच्या टेकडीवर जात आहोत. तुझे जेवण झाकून ठेवलेले नाही. तडक तिकडे ये.

तू सायकल शिकलास तेव्हा रेवती सीट धरून तुझ्यामागे धावत असे. आज चढावर तू तिच्यामागे धावायचे. ते देणे संध्याकाळच्या आत पुरते फिटले पाहिजे.

— द्वारकाबाई