आत्याबाई, मी घरी सांगून टाकलं

प्रिय आत्याबाई,

काल गावी तुमचं वर्षश्राद्ध झालं. आज सकाळच्या एसटीनं मी दौंडला परत आले, खिडक्या उघडल्या, कॉफीचं मशीन तापत ठेवलं आणि लिहायला बसले. तुम्ही अक्षर जोडून जोडून वाचायचात, म्हणून मुद्दाम मोठं लिहिते आहे.

लिहायचं कारण सांगते. तुम्ही मला एक गोष्ट कुणाला सांगू नकोस म्हणाला होतात. काल ती मी सगळ्यांसमोर सांगितली. रागावलात? रागवा! पण आधी ऐकून तरी घ्या.

मी शाळेतून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी तुमचा थोरला मुलगा, माझा नवरा, गेला. मला नवरा उरला नाही, तुम्हाला तुमचा थोरला. तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आलात. डोळा बरा झाला, औषधाचे थेंब संपले, तरी परत जायचं नाव तुम्ही काढलं नाहीत आणि मीही काढलं नाही. आपण दोघी चार वर्षं एका घरात राहिलो, आणि खरं सांगू? लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत मिळून मी तुम्हाला जेवढं ओळखलं नव्हतं, तेवढं त्या चार वर्षांत ओळखलं.

निखिलनं, तुमच्या नातवानं, ते मशीन पुण्याहून आणून दिलं तेव्हा तुम्ही त्याच्याभोवती एक फेरी मारलीत. "मोटार हाय का काय ही?" मी रेल्वे कॉलनीतली, गार्डची मुलगी. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सकाळच्या प्रार्थनेला उभं राहिलं की सिस्टरांच्या स्वयंपाकघरातून कॉफीचा वास यायचा. आम्हाला ती कधी मिळाली नाही, वासच मिळाला. साठीला आल्यावर मला तो वास माझ्या घरात हवा होता, एवढंच. पण छंद म्हटला की मी मागेपुढे बघत नाही, हे तुम्ही जाणताच. बिया कुरिअरनं मागवायच्या, त्या दळायच्या, वजन करायचं, दाबून बसवायच्या, धार किती वेळात येते ते घड्याळात बघायचं.

"सोनाराच्या दुकानात बसावं तशी बसतीस," तुम्ही म्हणायचात. "मॅडमचं दळण आलं का?"

पहिला कप मी तुमच्या हातात दिला, तर तुम्ही तो उलटसुलट करून बघितलात. "येवढीशी? चूळ भराया दिलीस व्हय गं?" मग काढा प्यावा तशी एका दमात प्यालात, आणि तोंड असं केलंत! "ह्यापरीस निंबाचा पाला बरा."

दुसऱ्या दिवशी मात्र तुम्हीच स्टूल ओढून ओट्याशी बसलात. "मॅडम, आज न्हाई का तुमचं औषिद?"

मग तुम्ही गुळाचा खडा तोंडात धरून प्यायला लागलात, आणि माझी परीक्षा घ्यायला लागलात. थेंब थेंब आली की "आज रडतीय", भसकन आली की "आज पळाली". मधली, मधासारखी बारीक धार लागली की तुम्ही काहीच बोलायचा नाहीत, नुसता कप पुढे करायचात. तेवढी दाद मला पुरायची. दुधाचा फेस मात्र कितीतरी दिवस येईना. घरात दूध आलं की आधी उकळायचं, ही आपली दोघींची सवय. निखिलनं फोनवर सांगितलं, "आई, कच्चं, थंड दूध घे." तुम्ही फोनकडे बघून म्हणालात, "त्याला म्हणावं, कच्चं दूध मांजर पितं."

आणि मग एक दिवस फिल्टरचं पाणी संपलं म्हणून मी मशीनमध्ये बोअरचं पाणी घातलं. पुढचे चार दिवसही तेच. आपल्या बोअरच्या पाण्यानं बादलीवर पांढरे थर चढतात, ते मशीनला कसं सोसणार? ते गुरगुरलं आणि बंदच पडलं. सगळे भाग सुटे करून मी लिंबूसत्वाच्या पाण्यात टाकले. सगळा ओटा त्यांनी भरला. बारा वाजून गेले, कुकर लावायलाही जागा नव्हती.

"चला आत्याबाई, आज बाहेर जेवू," मी म्हणाले.

तुम्ही पदर सारखा केलात. "आपल्या घरच्या बाया हाटेलात बसत न्हाईत."

हेच वाक्य, याच आवाजात, मी नवी सून असताना ऐकलं होतं. तेव्हा मी मान खाली घातली होती. या वेळी म्हणाले, "हॉटेलात नाही जायचं. अण्णांकडे जायचं."

"कोण अण्णा? आपल्यातला हाय का?"

"नाही, उडपी आहेत. स्टेशनजवळ."

तुम्ही विचार केलात. "मंग चालंल. त्याला काय म्हाईत आपण कोनाच्या."

वेटरनं येऊन विचारलं, "आजी, काय घेणार?" आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "हिला इचार." दुसऱ्यांदा गेलो तरी तेच. तिसऱ्यांदाही. आज काय करू, हे तुम्ही घरातल्या प्रत्येकाला जन्मभर विचारलं होतंत. काय घेणार, हे तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं! उत्तर कुठून येणार? मी घाई केली नाही. आणि एका दुपारी तुम्हीच त्या माणसाला थांबवून म्हणालात, "मला त्यो कागदावानी डोसा आन. आन् चटणी संपली की परत आणायची, म्या मागायची वाट बघू नगंस."

मशीन तर दुसऱ्याच दिवशी सुरू झालं होतं. तरी तिसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला तुम्ही चांगलं लुगडं नेसून दारात उभ्या. आठवतं?

"मशिन बिघाडलंय न्हवं?"

"नाही आत्याबाई, कालच नीट झालं."

"मंग बिघाड की!"

त्या दिवशी मी एवढी हसले, की कुलूप लावताना किल्ली हातातून पडली. तेव्हापासून आपला तो रोजचा नेम झाला. दुपारचं जेवण अण्णांकडे, कधी थाळी, कधी डोसा, कधी नुसता दहीभात. कॉफी मात्र घरी येऊन, कारण अण्णांची कॉफी तुम्हाला पाणचट लागायची. मी कप आधी गरम पाण्यानं विसळून घ्यायचे. "कपाचा बी लाड करतीस," तुम्ही म्हणायचात, आणि तो गरम कप दोन्ही तळव्यांत धरून बसायचात.

फक्त एक अट तुम्ही घातली होतीत. "गावाकडं बोलू नगंस. शोभीला तर मुळीच न्हाई." शोभा म्हणजे माझी धाकटी जाऊ, गावच्या घरी तुमच्या चुलीशी चाळीस वर्षं उभी राहिलेली. मला वाटायचं, तुम्ही तिच्या तोंडाला भिता.

तुमच्या दशक्रियेला नदीवर मोठी गर्दी झाली होती. माईकवर एक पुढारी उभे राहिले आणि म्हणाले, "मातोश्रींनी आयुष्यात बाहेरच्या अन्नाला हात लावला नाही. अशा माउल्या आता होणे नाही." दौंडहून अण्णा आले होते, हात जोडून बायकांच्या मागच्या बाजूला उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मला हसू आवरेना हो! मी पदर तोंडावर घेतला. खांदे गदगदायला लागले. शोभा बिचारी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नका ताई, सोनं झालं त्यांचं." मग मात्र मला खरंच रडू आलं.

तेव्हाही मी गप्प राहिले. मेलेल्या माणसाबद्दल चार खोट्या गोष्टी बोलल्या जातातच, म्हटलं जाऊ दे.

काल मात्र ती खोटी गोष्ट एका जिवंत मुलीच्या अंगावर आली.

पंगती उठल्या, पाहुणे पांगले, आणि दुपारी चारला आम्ही बायका शेवटच्या जेवायला बसलो. शोभा, मी आणि शोभाची सून पल्लवी. पल्लवी रांजणगावला कंपनीत ऑफिसात जाते. पहाटे साडेचारला उठते, सगळ्यांचा स्वयंपाक, दोन डबे, मग कंपनीची बस. ती घास मोडता मोडता म्हणाली, "आई, मी उद्यापासून माझा डबा नाही नेत. दुपारी मैत्रिणींबरोबर बाहेरच खात जाईन. तेवढीच पहाटेची अर्धा तास झोप मिळंल."

शोभाचा हात थांबला. "रोज? हाटेलात?"

"कंपनीतल्या सगळ्याच जातात."

"सगळ्या जात्यात म्हणून? ज्यांचं आज वरीसशराद घातलंय, त्यांनी जल्मात हाटेलची पायरी चढली न्हाई. त्यांच्या घरची सून तू."

भाऊजी दारातच खुर्ची टाकून बसले होते. तेही म्हणाले, "आईचं नाव राखा जरा."

पल्लवीनं मान खाली घातली. आत्याबाई, ती मान मी ओळखली. ती माझीच होती.

म्हणून मी म्हणाले, "भाऊजी, आत्याबाई चार वर्षं रोज दुपारी हॉटेलात जेवत होत्या. माझ्याबरोबर."

"वहिनी, कायतरीच काय बोलता? गेलेल्या माणसावर?"

"स्टेशनजवळच्या अण्णांना फोन लावते. दशक्रियेला आले होते, तुम्हीच त्यांना उपरणं दिलंत."

मग मी सगळं सांगितलं. डोसा, चटणी, चांगलं लुगडं, 'मंग बिघाड की'. तुमच्या आवाजात सांगितलं, कारण तो मला आता चांगला काढता येतो. पल्लवीला हसू फुटलं. भाऊजींना हसावं की रागवावं कळेना. मग एकदम, लहान मुलानं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मंग आईला आवडायचं तरी काय, वहिनी? आम्ही आपली पुरणपोळी केली."

साठीचा मुलगा तुमचा, आत्याबाई! त्याला ठाऊक नव्हतं. मला कुठे होतं आधी?

"गरम," मी म्हणाले. "त्यांना गरम जेवण आवडायचं."

एकदा अण्णांच्या वेटरनं तव्यावरची चपाती तुमच्या ताटात टाकली होती. तुम्ही बोट लावलंत आणि चटकन मागे घेतलंत. मग फुंकर घालत म्हणालात, "सगळ्या जल्मात किती भाकरी थापल्या, मोजदाद न्हाई. पर तव्यावरनं आपल्या ताटात पडल्याली कशी लागती, ते आजच कळलं बघ." हे मी जसंच्या तसं भाऊजींना सांगितलं. आमच्या तिघींच्या ताटातल्या पोळ्यांवरचं तूप तेव्हा पांढरं, घट्ट झालं होतं. त्यांची नजर त्या ताटांवरून फिरली. "पल्लवी, दुपारचं तुझं तू बघत जा," एवढंच बोलले आणि उठून बाहेर गेले. नळावर किती तरी वेळ पाय धूत होते.

मला वाटलं, झालं. पण शोभानं ताट सारलं.

"म्हंजी तुमी दोघी चार वर्सं रोज जेवाया जात व्हता? आन् मला? मी नवी नवरी हुते. शिरूरच्या बाजारात भज्यांचा वास आला म्हणून एका हाटेलाच्या बाकड्यावर टेकले. नुसती टेकले, ताई! आत्याबाईंनी दंडाला धरून उठिवलं. सगळा बाजार बघत व्हता. तवापासनं म्या बाजारात तोंड उघाडलं न्हाई. आन् त्या तिथं डोसं खात व्हत्या!"

आत्याबाई, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत.

किती दुपारी आपण समोरासमोर बसलो, किती गोष्टी झाल्या, आणि ही एकच राहिली? आता कळतं. शोभाच्या तोंडाला तुम्ही भीत नव्हतात. डोशाचा पहिला तुकडा मोडताना तुम्ही क्षणभर थांबायचात. मला वाटायचं, देवाचं नाव घेताय. कोण जाणे, त्या वेळी तुमच्या डोळ्यांपुढे तो बाजार असेल. तिला एकदा दौंडला बोलावून घेतलं असतंत तर? मी काय, तिच्यासाठी एक खुर्ची आणखी ओढली असती. एवढं धाडस केलंत, मग तेवढंच का राहू दिलंत?

उत्तर मिळणार नाही, हे मला माहीत आहे. पण तुमचा शब्द मोडला याचा मला पश्चात्ताप नाही. वर्षभर गावात ज्या माउलीचं नाव घेतलं जात होतं, ती मला कधी भेटलीच नव्हती. मला भेटली ती दुसरीच, आणि ती जास्त चांगली होती. तिला मी घरच्यांना परत दिलं.

निखिल म्हणतो, "आई, आता एकटी कशाला जातेस, डबा लाव." मी लावणार नाही. मी अजूनही रोज जाते, एका खुर्चीवर पर्स ठेवते आणि पोटभर जेवते.

आज सकाळी शोभा मला एसटीला सोडायला फाट्यापर्यंत आली. कालचा राग अजून चेहऱ्यावर होता. गाडी दिसायला लागली तशी रस्त्याकडे बघत म्हणाली, "ताई, त्या तुमच्या अण्णाकडं भजी मिळत्यात का?"

"मिळतात. पण आपण शिरूरला जाऊ."

"बाजारच्या दिशी? आवं, सगळं गाव असतं तिथं!"

"म्हणूनच."

तिनं माझी पिशवी गाडीत चढवून दिली आणि खिडकीशी येऊन म्हणाली, "आधी फोन करा. लुगडं बरं नेसाया पायजे."

तेव्हा आत्याबाई, हा माझा तुम्हाला शब्द. येत्या बाजारच्या दिवशी मी शोभाला हाताला धरून आत नेईन, रस्त्यावरून दिसेल अशा बाकड्यावर बसवीन, आणि भजी कढईतून निघाल्या निघाल्या तिच्या पुढ्यात येतील असं बघीन. गावातलं कुणी थांबून बघायला लागलंच, तर त्यालाही बसवून घेईन आणि सांगीन, "या, खा. आज आमच्या आत्याबाईंकडून आहे."

तुमची थोरली सून,
विजया