फाडलेलं पान

माये,
मेथीच्या वाफ्यात असशीन तं तिथंच माहा नमस्कार घे. अमरावतीत जेवण बरं भेटते, काळजी करू नको.

क्लासचे सर रोज सवयींच्या पुस्तकातलं एक पान वाचाले लावतात अन् त्यावर विचार लिहून घेतात. काल होतं, 'पहाटे उठणाराच यशस्वी होतो.' मी लिहिलं, "माही माय वीस वर्षं चारले उठून मेथीच्या जुड्या बांधून राहिली. तिले यश कावून भेटलं नाही?" सर म्हणे, "निगेटिव्ह लिहू नको." पुस्तकवाल्यानं जन्मात एक जुडी बांधली असन काय?

आजचं पान आहे, 'विश्रांती हेही कामच.' तेवढं फाडून पाठवून राहिली. धाकट्या खुशीकडून वाचून घे. गुडघे कसे आहेत? माहं ऐकत नाहीस, तं छापलेलं तरी ऐक.

तुही,
हर्षा