गाठ अखंड निघाली

प्रिय ठमे,

पत्र पाहून हसशील. रोज फोनवर डोकं खाणारा दादा पत्र कुठून लिहायला लागला, म्हणशील. या आठवड्यात तुला सांगायला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा जेवलीस का एवढंच विचारून ठेवला. जीभच रेटत नाही गं.

मागच्या उन्हाळ्यात दंडावरची गाठ दाखवायला तू माझ्या दवाखान्यात आलीस. दोन वाजता तुला बस काढायची होती. अंगात ड्रायव्हरचा गणवेश, अर्ध्या तासात उरक म्हणत टेबलावर चढलीससुद्धा. गाठ लिंबाहून मोठी होती, खोल होती. दुसऱ्या कुणाची असती तर आधी स्कॅन, मग सुईने तुकडा काढून तपासणी, आणि मगच सुरी. हे मी शिकाऊ डॉक्टरांना घसा कोरडा होईपर्यंत सांगत आलोय. पण तू घरची आणि मी अतिशहाणा. चरबीची असणार, म्हटलं. बाहीखाली व्रण झाकला जावा म्हणून काप हाताच्या लांबीत न घेता आडवा घेतला. दंड बधिर केलेला, तू तुझ्या डेपोच्या साहेबांची नक्कल करत होतीस, मी हसत होतो, आणि हसता हसताच गाठ बोटाखाली फुटली.

चरबी पिवळी असते, ठमे. हे राखाडी होतं, बुळबुळीत. तिथेच थांबायला हवं होतं. मी खरवडून काढलं, आतलं रक्त-पाणी निचरायला शेजारून नळी बसवली, टाके घातले. तुकडे बरणीत घालून लॅबला पाठवायचे, ते बादलीत टाकले. का, ते आजही धड सांगता येत नाही. घाबरलो होतो. रिपोर्टच नसेल तर वाईट काही झालंच नाही, असं काहीतरी डोक्यात असावं. आठवड्याने तू विचारलंस तेव्हा रिपोर्ट चांगला आलाय अशी थाप मारली. तू खूश होऊन मला छत्री आणलीस. ती मी अजून उघडलेली नाही.

गाठ परत आली, कॅन्सरची निघाली, आणि मोठ्या डॉक्टरबाईंनी माझ्याकडे जुनी नोंद मागितली. नोंद नव्हतीच. त्याच संध्याकाळी बसून नवी लिहिली: गाठ आवरणासकट अखंड निघाली. रिपोर्ट हरवला म्हणून सांगितलं. त्या एका ओळीवर बाईंनी सगळं आखलं. गाठीभोवतीचं दोन सेंटीमीटर निरोगी मांस काढायचं, मनगट उचलणारी नस वाचवायची. तू पुन्हा बस चालवशील असं त्या म्हणाल्या, तेव्हा तू आनंदाने माझा हात दाबलास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण फुटलेल्या गाठीचे कण त्या आडव्या कापात, नळीच्या वाटेत कुठवर गेलेत देव जाणे. बाईंनी आखलेल्या कडेबाहेर ते राहिले, तर हात वाचेल आणि तू जाशील.

म्हणून आज सकाळी बाईंना खरं काय ते लिहून दिलं. आधी तुला सांगितलं असतं तर राहू दे दादा, तुझं नाव खराब होईल, म्हणाली असतीस. ओळखतो मी तुला. उद्या त्यांचा फोन येईल. सोमवारचं ऑपरेशन रद्द. पुन्हा स्कॅन होईल, मग बरंच जास्त मांस काढावं लागेल, आणि ती नस बहुतेक त्यात जाईल. बाई भल्या आहेत, कारण सांगताना माझं नाव टाळतील. म्हणून हे पत्र. कारण मी आहे. शिव्या घाल, जन्मभर माझं तोंड पाहू नकोस, पण माझ्यावरच्या रागाने बाईंना नाही म्हणू नकोस. एवढं ऐक.

तुझाच,
दादा